राघोबादादांचा कागद आणि मॅकबेथचे हात

गणेशोत्सवाच्या रात्री राजारामपुरीच्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकणारी माणसांची दाटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना देखावा कशाला म्हणतात हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कोल्हापुरात सजीव देखाव्यांची परंपरा आहे तशीच तांत्रिक देखाव्यांचीही आहे, आणि या दुसऱ्या प्रकारात राजारामपुरीच्या मंडळांनी विशेष नाव मिळविले आहे. पडदा सरकतो, पुठ्ठ्याचा किल्ला उजळून निघतो, मोटारीच्या बळावर राक्षसाचा हात उगारला जातो, निवेदकाचा घनगंभीर स्वर कर्ण्यातून घुमतो, आणि खांद्यावर बसलेले मूल भयाने बापाचे केस घट्ट धरून ठेवते. किल्ला पुठ्ठ्याचा आहे हे बापाला ठाऊक असते, मंडळाच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असते, आणि घटकाभराने ते मुलालाही उमगते. फसविणारा आणि फसणारा यांच्यात येथे एक अलिखित करारच झालेला असतो, आणि त्या कराराच्या आश्रयानेच माणसे अर्धी रात्र उभ्याने काढतात.

ज्या फसवणुकीत असा करार नसतो, तिचा आपल्या इतिहासातला सर्वांत काळाकुट्ट प्रसंग भाद्रपदाच्या याच पंधरवड्यात घडला. शके १६९५ च्या भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजी, अनंतचतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आली असताना, पुण्याच्या शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. पगाराच्या बाकीचे निमित्त करून आरडाओरड करीत गारदी वाड्यात घुसले. त्यांच्या हातून सुटण्यासाठी तो तरुण ज्यांच्याकडे धावला आणि ज्यांच्या कमरेला त्याने मिठी घातली, ते त्याचे सख्खे चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा होते. त्या मिठीपर्यंत पोचूनही तो वाचला नाही. चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले आणि तोही त्याच्याबरोबर मारला गेला. रघुनाथरावांच्या नावावर इतिहासाने पुष्कळ पराक्रम नोंदविले असताना, वाड्याच्या त्या दालनात धन्याशी इमान राखण्याचे काम एका साध्या चाकराच्या वाट्याला यावे, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

या घटनेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिले आणि १९०९ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. खाडिलकर मूळचे सांगलीचे, ‘केसरी’च्या कचेरीत लोकमान्यांच्या हाताखाली तयार झालेले, आणि शेक्सपिअरच्या शोकांतिका ज्यांच्या अभ्यासात मुरल्या होत्या अशा नाटककारांपैकी अग्रगण्य. ‘भाऊबंदकी’ला ‘मॅकबेथ’चे रूपांतर म्हणता येणार नाही, कारण तिची कथा आपल्या दप्तरातली आहे, परंतु सत्तेची तृष्णा एका शूर माणसाला आणि त्याच्या तेजस्वी पत्नीला कोठवर नेते, हा जो प्रश्न इंग्रजी नाटककाराने स्कॉटलंडच्या एका सरदाराविषयी विचारला, तोच खाडिलकरांनी पेशव्यांच्या घराविषयी विचारला आहे. ही दोन नाटके एकमेकांशेजारी ठेवून वाचली म्हणजे दोहोंवरही निराळा प्रकाश पडतो.

‘मॅकबेथ’ लिहिले गेले ते १६०६ च्या सुमारास. इंग्लंडच्या गादीवर स्कॉटलंडहून आलेला जेम्स राजा बसून तीनच वर्षे झाली होती, आणि आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात पार्लमेंटच्या इमारतीखाली दारूची पिंपे दडवून राजासह सर्वांना उडवून देण्याचा कट उघडकीस आला होता. हसतमुखाने मुजरा करणाऱ्या माणसाच्या मनात काय शिजत असेल, ही धास्ती त्या वेळच्या लंडनमध्ये घरोघर होती; तेव्हा निष्ठेचे सोंग आणि त्यामागचा घात हा विषय नाटककाराला शोधावा लागला नाही.

कथा थोडक्यात अशी. मॅकबेथ हा डंकन राजाचा नातलग आणि सेनापती. बंडखोरांचा मोड करून परत येत असताना माळरानावर त्याला तीन चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील असे भाकीत करतात. तो ते पत्नीला कळवितो. त्याच रात्री राजा त्यांच्या गढीत मुक्कामाला येतो, आणि पत्नीच्या चिथावणीने मॅकबेथ झोपलेल्या पाहुण्याचा खून करतो. मुकुट मिळतो, पण तो टिकविण्यासाठी आणखी खून करावे लागतात; ज्याच्या वंशजांना राज्य मिळेल असे भाकीत झालेले असते तो मित्र बँको मारला जातो, पुढे एका सरदाराची बायकामुले मारली जातात; राणी झोपेत चालू लागते, हातांवरचे न दिसणारे रक्त चोळचोळून धुऊ लागते आणि मरते; आणि अखेर मॅकबेथ रणांगणात पडतो.

इतिहासातला मॅकबेथ असा नव्हता. खऱ्या डंकनचा मृत्यू १०४० साली रणांगणावर झाला, आणि त्याच्यानंतर मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले. शेक्सपिअरने हॉलिन्शेडच्या बखरीतून हा वृत्तांत घेतला खरा, पण रणांगणावरचा मृत्यू बाजूला सारून, त्याच बखरीतल्या दुसऱ्या एका राजाच्या कथेतला, यजमानाच्या घरी निद्रिस्त पाहुण्याचा खून येथे आणून बसविला. हा फेरफार मला फार अर्थपूर्ण वाटतो. समोरासमोरच्या लढाईत राज्य घेणाऱ्याला मुखवट्याची गरज नसते. तो शत्रू असतो आणि शत्रू म्हणूनच उभा राहतो. ज्याला आतिथ्याच्या, नात्याच्या आणि चाकरीच्या वेषात वार करावयाचा असतो, त्याला मात्र आपला चेहरा दुसऱ्याचा असल्यासारखा वापरावा लागतो.

नाटकाचा पूर्वार्ध या चेहऱ्याच्या शिक्षणात खर्ची पडला आहे. बंडखोर सरदाराला देहान्ताची शिक्षा फर्मावून झाल्यावर डंकन खिन्नपणे म्हणतो की, मुद्रेवरून मनाची घडण ओळखण्याची विद्या अस्तित्वात नाही, आणि आपण त्या माणसावर पूर्ण भरवसा ठेवला होता. हे शब्द पुरे होतात न होतात तोच मॅकबेथ प्रवेश करतो आणि राजा त्याला उराशी धरण्याच्या उत्सुकतेने पुढे होतो. धडा नुकताच तोंडाने उच्चारला आहे आणि त्याच घटकेला तो विसरला गेला आहे. पुढे गढीच्या दाराशी आल्यावर तर राजाला तेथील हवा प्रसन्न वाटते, भिंतीच्या कोनाकोपऱ्यांतून पाकोळ्यांनी बांधलेली घरटी बँको त्याला दाखवितो, आणि पक्षी जेथे पिले वाढवितात तेथे वारा मृदू असतो असे दोघेही समाधानाने बोलतात. प्रेक्षकांनी तत्पूर्वी काही क्षण, त्याच गढीत, राणीच्या तोंडून खुनाचा बेत ऐकलेला असतो. ती घरटी खोटी नाहीत, हवाही खरोखरच चांगली आहे. आणि सर्व काही खरे असूनही त्या दारातून आत जाणारा माणूस जिवंत बाहेर येणार नाही.

चेटकिणींचे बोलणेही याच जातीचे. त्या मॅकबेथशी एक शब्दही खोटे बोलत नाहीत. अरण्य चालून येईपर्यंत तुझा पराभव नाही, स्त्रीच्या पोटी जन्मलेल्याकडून तुला भय नाही, ही आश्वासने त्याला दिली जातात आणि अक्षरशः पाळलीही जातात. शत्रूचे सैन्य झाडांच्या फांद्या तोडून त्यांच्या आडून चालून येते, आणि त्याचा वध करणारा आईचे पोट चिरून काढलेला असतो. ज्याला हवे तेच ऐकावयाचे असते, त्याला फसविण्यासाठी असत्य लागतच नाही. आपल्याकडे न्यायकचेरीत जबानी दिलेल्या पुष्कळांना या सत्याचा परिचय असेल.

तरीही मॅकबेथची शोकांतिका तो जगाला फसवितो यात नाही. तो स्वतःला फसवू शकत नाही यात आहे. खुनापूर्वी एकांतात तो स्वतःच सगळी फिर्याद मांडतो: मी याचा आप्त आहे, चाकर आहे, यजमान आहे, मारेकऱ्यासाठी दार बंद करणे हे माझे काम, स्वतः सुरी उचलणे नव्हे, आणि हा राजा सौम्य व निष्कलंक आहे. असे सर्व प्रतिवादीच्या बाजूचे मुद्दे पाहून झाल्यावर त्याच्या हाती उरते ती केवळ उडी घेऊ पाहणारी महत्त्वाकांक्षा. खुनानंतर तो पत्नीकडे येतो तो रक्ताळलेल्या हातांनी, आणि ज्या सुऱ्या पहारेकऱ्यांच्या अंगाशी ठेवून यावयाचे ठरले होते त्या त्याने तशाच बरोबर आणलेल्या असतात. सुऱ्या जागच्या जागी नेऊन ठेवण्याचे काम पत्नीला करावे लागते. इतक्यात गढीचा दरवाजा कोणी तरी ठोठावू लागतो. रंगमंचावर हा आवाज पुनःपुन्हा येत राहतो, आणि प्रत्येक ठोक्यासरशी त्याच्या चेहऱ्यावरून सोंग गळत जाते. उत्तम नटाच्या हाती हा प्रवेश सापडला तर प्रेक्षागृहात पानाची पिंक टाकावयालाही कोणी उठत नाही.

मेजवानीच्या प्रवेशात या सोंगाचा जाहीर पराभव होतो. नवा राजा सरदारांना पंगतीला बोलावतो. बँकोचा काटा निघाल्याची वर्दी त्याला नुकतीच मिळालेली असते. बँको आला असता तर सभा पूर्ण झाली असती, असे तो मुद्दाम सर्वांदेखत म्हणतो, आणि वळून पाहतो तो आपल्याच आसनावर बँकोचे रक्तबंबाळ भूत बसलेले. ते दुसऱ्या कोणाला दिसत नाही. राणी पाहुण्यांची समजूत घालते, यांना लहानपणापासूनच असा झटका येतो असे सांगते. परंतु राजसभेला त्या रात्री जे कळावयाचे ते कळते. त्या एका रिकाम्या आसनाने जे केले, ते दहा हेरांनी केले नसते.

आता पुण्याकडे येऊ. रघुनाथराव म्हणजे कोणी कारस्थानी दरबारी नव्हे. १७५८ साली लाहोरपर्यंत फौज नेऊन मराठ्यांचा अंमल अटकेच्या दिशेने पोचविणारा, घोड्यावरून न उतरणारा, ‘राघोभरारी’ म्हणून ज्याची कीर्ती झाली असा तो सेनापती होता. म्हणजे मॅकबेथ ज्या यशाच्या शिखरावरून नाटकात पाऊल टाकतो, त्याच शिखरावर हाही उभा होता. थोरला भाऊ नानासाहेब निवर्तल्यावर गादी पुतण्याकडे, माधवरावाकडे, गेली. त्यानंतर दहा वर्षे चुलत्या-पुतण्यांचे रुसवे, समझोते आणि लढाया चालल्या. १७६८ साली धोडप येथे माधवरावांनी चुलत्याचा पराभव करून त्याला नजरकैदेत ठेवले. नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला माधवराव मृत्युशय्येवर असताना धाकट्या नारायणरावाला त्यांनी याच चुलत्याच्या पदरात घातले. पाहुणा आणि यजमान हे नाते शेक्सपिअरला रचावे लागले. पाल्य आणि पालक हे त्याहून जवळचे नाते येथे वस्तुस्थितीतच होते.

आणि येथे तो कागद येतो. परंपरा अशी सांगते की, नारायणरावास धरावे असा हुकूम रघुनाथरावांनी गारद्यांना लिहून दिला होता, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्यातले एक अक्षर बदलून धरण्याच्या जागी मारणे आणले. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार महाराष्ट्रात लहान पोरांच्याही तोंडी आहे. ते अक्षर खरोखर कोणी बदलले, आनंदीबाईंनी बदलले की आणखी कोणी, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही, आणि त्या वादात मी येथे शिरत नाही. नाटकाच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते ते हे की, आपल्या परंपरेने या अपराधाची कल्पना करताना सुरीच्या आधी कागद पाहिला. मॅकबेथने सुरी स्वतः उचलली; म्हणून ते रक्त त्याच्या हाताला लागले आणि सातही समुद्रांनी ते धुतले जाणार नाही असे त्याला वाटले. रघुनाथरावांच्या हाताला शाई लागली. त्यांचा हुकूम तर कैद करण्याचाच होता! गारदी पगारासाठी आले होते, अक्षर दुसऱ्याने बदलले होते, ज्या खोलीत वार झाले तेथे ते केवळ हजर होते. दरबाराच्या, कारभाराच्या आणि दप्तराच्या जगात महत्त्वाकांक्षेला जो मुखवटा सर्वांत अधिक शोभतो, तो हा; कारण तो घालून माणूस आरशासमोरही बिनदिक्कत उभा राहू शकतो. माझा हेतू इतकाच होता, पुढचे माझ्या गैरहजेरीत घडले, शेरा माझा आहे पण मतलब माझा नव्हे, ही भाषा कोणत्या काळी आणि कोणत्या कचेरीत ऐकू आली नाही?

म्हणूनच या प्रकरणातला खरा नाट्यपूर्ण क्षण वधाचा नसून चौकशीचा आहे, आणि खाडिलकरांच्या प्रतिभेने तो अचूक हेरला. पेशव्यांच्या दरबारातले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी वधाचा तपास केला, त्यात रघुनाथरावांचे अंग आहे असा निर्णय दिला, या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे त्यांना तोंडावर सांगितले, आणि अशा कारभारात आपल्याला राहावयाचे नाही म्हणून ते पुणे सोडून गेले. ‘मॅकबेथ’मध्ये असे पात्र नाही. तेथे अपराध्याचा न्याय त्याची सदसद्विवेकबुद्धी, भुते आणि शत्रूची तलवार करते. राजाच्या समोर उभा राहून, त्याच्याच राज्यात, त्याचा मुखवटा शांतपणे काढून घेणारा माणूस शेक्सपिअरने रंगविला नाही. हॅम्लेटला आपल्या चुलत्याचे पाप उघड करण्यासाठी नाटकात नाटक करावे लागले. रामशास्त्र्यांना एक वाक्य पुरले. या एका बाबतीत आमच्या नाटककाराचे पारडे जड आहे, असे मी शेक्सपिअरचा भक्त असूनही म्हणेन. उलट, एकांतात स्वतःशी बोलणाऱ्या मनाच्या ज्या खोल गुहांत इंग्रज नाटककार आपल्याला नेतो, तेथवर ‘भाऊबंदकी’ जात नाही. तिचे बळ वादविवादाच्या आणि समोरासमोरच्या खडाजंगीच्या प्रवेशांत आहे.

हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते, आणि सुरतेच्या काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांची फूट पडून दोनच वर्षे झाली होती. घरभेदाने राज्य कसे जाते हे दाखविणारे नाटक त्या वेळच्या प्रेक्षकांनी केवळ जुनी गोष्ट म्हणून पाहिले असेल, असे मानणे कठीण आहे. पौराणिक किंवा ऐतिहासिक वेष चढवून वर्तमानाविषयी बोलण्याची खाडिलकरांची हातोटी सरकारलाही पक्की ठाऊक झाली होती. त्यांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली ती याच कारणाने. वेष पांघरून लपविणारे असतात तसेच वेष पांघरून सांगणारेही असतात, आणि पारतंत्र्यात नाटककाराला या दुसऱ्या वर्गात जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या वधाचे पुढे काय झाले, हे नाटकाबाहेरचे असले तरी सांगितले पाहिजे. रघुनाथराव पेशवे झाले. परंतु बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध कारभार उभा केला, आणि एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या विधवा पत्नीला, गंगाबाईला, मुलगा झाला. तेव्हा रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. ही तीच वसई, जी त्यांचे चुलते चिमाजी आप्पा यांनी १७३९ साली पोर्तुगीजांशी झुंजून, असंख्य माणसे खर्ची घालून घेतली होती. डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावी रघुनाथरावांचा अंत झाला. मॅकबेथला वारस नव्हता, आणि मित्राचे वंशज आपल्या मुकुटाचे धनी होणार या विचाराने तो जळत होता. राघोबा-आनंदीबाईंना मात्र मुलगा होता, आणि त्यांची आकांक्षा त्याच्या रूपाने फळाला आली: दुसरा बाजीराव १७९६ साली पेशवा झाला. १८०२ च्या अखेरच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला तो पुन्हा वसईलाच, आणि १८१८ साली पेशवाई संपली. एखाद्या नाटककाराने इतका जुळवून आणलेला शेवट लिहिला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

दोन्ही कथांतल्या स्त्रियांवर मात्र परंपरेने अन्याय केला आहे असे मला वाटते. राणीने चिथावले म्हणून मॅकबेथ बिघडला, आनंदीबाईंनी अक्षर फिरविले म्हणून राघोबा कलंकित झाले, ही मांडणी पुरुषांना फार सोयीची आहे. शेक्सपिअर ती मांडणी करीत नाही. चेटकिणींचे भाकीत ऐकताच मॅकबेथ दचकतो, आणि खुनाचे चित्र त्याच्या मनात उभे राहते ते पत्नीची भेट होण्याच्या कितीतरी आधी. शिवाय नाटकात सर्वांत आधी मोडते ती राणीच. जिने थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन निघेल असे नवऱ्याला सांगितले, तीच पुढे रात्री झोपेत उठून हातांना येणारा रक्ताचा वास सहन होत नाही म्हणून उसासे टाकते. तिचे बोलणे दाराआडून वैद्य आणि दासी ऐकत असतात, आणि वैद्य म्हणतो की, या रोगाला माझ्या विद्येपेक्षा धर्मोपदेशकाची अधिक गरज आहे. जागेपणी तिने मुखवटा एकदाही ढळू दिला नव्हता. झोपेत मुखवटा धरून ठेवणारा कोणी नसतो.

मराठी रंगभूमीने ‘मॅकबेथ’ एकाहून अधिक वेळा आपलासा केला. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी त्याचे ‘मानाजीराव’ केले, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी हॅम्लेट आणि ऑथेल्लो यांच्या मराठी अवतारांप्रमाणे तोही गाजविला. पुढे १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ आले. मुंबई मराठी साहित्य संघाच्या त्या प्रयोगात राणीची भूमिका दुर्गाबाई खोटे यांनी केली. त्याच सुमारास साहित्य संघाने ‘भाऊबंदकी’ही पुन्हा उभी केली, आणि नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर आनंदीबाई म्हणून उभ्या राहिल्या त्याही दुर्गाबाईच. कोल्हापूरकरांना या अभिनेत्रीविषयी निराळा जिव्हाळा असण्याचे कारण आहे: प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात असताना तेथे तयार झालेल्या ‘अयोध्येचा राजा’ या १९३२ च्या बोलपटातली तारामती हीच. सत्यासाठी डोंबाच्या घरापर्यंत जाणाऱ्या राजाची राणी आणि मुकुटासाठी पाहुण्याचा जीव घेणाऱ्या राजाची राणी, ही दोन टोके एकाच चेहऱ्याने लोकांना दाखविली.

दुर्गाबाईंच्या पिढीपूर्वी आपल्याकडे स्त्रीपात्रे बहुधा पुरुषच रंगवीत, आणि शेक्सपिअरच्या काळी लंडनमध्येही तीच रीत होती. मॅकबेथची राणी पहिल्यांदा रंगमंचावर आली ती एका मुलाच्या रूपाने. नऊवारी नेसलेला नट हे जगातले सर्वांत प्रामाणिक सोंग होते, कारण ते सोंग असल्याचे प्रवेशपत्रिकेवरच छापलेले असे. कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी लहान वयात ‘शारदा’ अशीच रंगविली, आणि १९२१ च्या ज्या संयुक्त ‘मानापमाना’त ते धैर्यधर झाले, त्यात त्यांच्यासमोरची भामिनी बालगंधर्व होते. प्रेक्षक या सोंगावर जीव टाकीत, आणि कोणाचे राज्य बुडाले नाही.

राजारामपुरीत राहून या विषयावर लिहिताना वि. स. खांडेकरांची आठवण टाळता येत नाही; त्यांचे ‘नंदादीप’ हे घर येथलेच. त्यांच्या ‘ययाति’तला राजा मुलाचे तारुण्य मागून घेतो आणि म्हाताऱ्या वासनेवर तरुण देहाचा अंगरखा चढवितो. सत्तेची नसली तरी भोगाची तृष्णा तेथेही दुसऱ्याच्या रूपाचा आधार शोधते, आणि किंमत तेथेही घरातल्याच माणसाला मोजावी लागते. आमच्या भागातून थोडे चालत गेले की विद्यापीठ आणि राजाराम महाविद्यालय लागते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी शेक्सपिअर वाचला तो बहुतांशी परीक्षेसाठी, टीपा लावून. ‘मॅकबेथ’ पाठ असलेली आणि ‘भाऊबंदकी’ कधीच न पाहिलेली पुष्कळ सुशिक्षित माणसे मला भेटतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले आणि पुढे केशवरावांचे नाव मिळालेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत भस्मसात झाले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तेथे जमलेली माणसे आप्त गेल्यासारखी रडत होती. त्याच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. त्या नव्या रंगमंचावर कोल्हापूरच्या हौशी संस्थांनी एका रात्री ‘राजमुकुट’ आणि लागोपाठ दुसऱ्या रात्री ‘भाऊबंदकी’ करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नट तेच असावेत. पहिल्या रात्री ज्याने रक्ताळलेले हात डोळ्यांसमोर धरले, त्यानेच दुसऱ्या रात्री रामशास्त्र्यांसमोर निष्कलंक हातांनी उभे राहावे. जिने झोपेत हात चोळले तिनेच आनंदीबाई व्हावे. आणि रामशास्त्र्यांचे काम मात्र मोठ्या आवाजाच्या नटाला देऊ नये, ज्याला शब्द सावकाश उच्चारता येतात अशा एखाद्या वयस्क माणसाला द्यावे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी वर्षानुवर्षे चाकरी सांभाळून रात्री तालमी करणाऱ्या या गावात अशी माणसे मुबलक आहेत.